तारे नंतर बघा, आधी कारणं वाचा: पुस्तक निवडताना परीक्षणांच्या साइट कशा वापराव्यात

तीनशे पानांचं मराठी पुस्तक वाचायला साधारण वेगाच्या वाचकाला नऊ-दहा तास लागतात. नोकरी, घर आणि सातपूर-नाशिकरोडची ये-जा सांभाळून रोज पाऊण तास वाचनाला मिळत असेल, तर एका पुस्तकात दोन आठवडे जातात. म्हणजे वर्षाकाठी फार तर पंचवीस पुस्तकं. पुस्तक फसलं तर गेलेले चारशे रुपये आपण लवकर विसरतो, पण ते दोन आठवडे परत मिळत नाहीत. म्हणून पुस्तक घेण्याआधी पंधरा-वीस मिनिटं परीक्षणांच्या साइटवर घालवणं मला अगदी रास्त वाटतं.

फक्त ती मिनिटं वरच्या आकड्याकडे बघण्यात जाऊ नयेत. ४.६ तारे हा आकडा पुस्तकाबद्दल थोडं आणि ते कुणाकुणाच्या हातात पडलं याबद्दल जास्त सांगतो. आपल्याला हवी असतात कारणं: पुस्तक का भावलं, का कंटाळा आला, कुठल्या पानापासून पकड सुटली. आणि ही कारणं देणारा माणूस आपल्या जातकुळीचा वाचक आहे का, हेही कळायला हवं.

आकडा वाकडा का होतो

पुस्तक कोण उचलतो, इथूनच सुरुवात होते. अध्यात्मावरचं किंवा एखाद्या नेत्याचं गौरवपर चरित्र घेणारा बहुतेक वेळा आधीच त्या विषयाच्या प्रेमात असतो, त्यामुळे त्याचे पाच तारे जवळजवळ ठरलेले असतात. मालिकेतला तिसरा-चौथा भाग बहुधा पहिल्यापेक्षा वरचढ दिसतो, कारण ज्यांना पहिला भाग रुचला नाही ते तिथवर पोचतच नाहीत. उलट बाजूही आहे. बलाझ कोवाच आणि अमांडा शार्की या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुडरीड्स या वाचकांच्या परीक्षणांच्या साइटवरची हजारो परीक्षणं तपासली. मोठा पुरस्कार जाहीर झाल्यानंतर विजेत्या पुस्तकांचे तारे अंतिम यादीत राहून गेलेल्या पुस्तकांच्या तुलनेत घसरलेले त्यांना दिसले. कारण सरळ आहे: पुरस्कारामुळे असे वाचक पुस्तकाकडे वळतात ज्यांनी एरवी त्या प्रकारचं काही वाचलंच नसतं, आणि त्यांची निराशा आकड्यात उतरते. त्यामुळे ज्ञानपीठ किंवा साहित्य अकादमी मिळालेल्या लेखकाचं पुस्तक ३.७ वर दिसलं तर त्याला लगेच बाद करू नका.

काही वेळा तर पुस्तक छापून येण्याआधीच त्यावर तारे पडतात. प्रकाशक आगाऊ प्रती वाटतात, त्यातून आलेली परीक्षणं असतात, त्यात गैर काही नाही. पण २०२३ साली एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेने युक्रेन युद्ध चालू असताना रशियात घडणारी कादंबरी जाहीर केली, तेव्हा पुस्तक कुणीही वाचलेलं नसताना शेकड्यांनी एक-एक तारा पडला आणि तिने प्रकाशन पुढे ढकललं. अशी रागाची लाट ओळखायची सोपी खूण म्हणजे तारखा. मोजक्या दिवसांत एक ताऱ्यांचा ढीग आणि मजकुरात पुस्तकातलं एकही पान नाही, असं असेल तर ते तारे बाजूला ठेवून उरलेलं वाचावं. स्तुतीची लाट मराठीत जास्त दिसते: प्रकाशन समारंभानंतरच्या आठवड्यात दहा-बारा पंचतारांकित अभिप्राय येतात आणि त्यानंतर वर्षभर शांतता.

मतं किती जणांनी दिली हे सरासरीइतकंच महत्त्वाचं. मराठी पुस्तकांवर मतं इतकी कमी असतात की दोन मित्र आकडा फिरवू शकतात. यावर कागद-पेन्सिलीचा एक उपाय आहे. प्रत्येक पुस्तकाला मनाने वीस जादा मतं द्यायची, प्रत्येकी ३.८ ताऱ्यांची. समजा एका पुस्तकाला आठच मतं आहेत, सहा जणांचे पाच तारे आणि दोघांचे चार, म्हणजे सरासरी ४.७५. त्यात वीस जादा मतं मिळवली की बेरीज होते ३८ अधिक ७६, म्हणजे ११४. भागिले २८, उत्तर ४.०७. दुसऱ्या पुस्तकाला ९०० मतं आहेत आणि सरासरी ४.१५. तिथे वीस जादा मतं मिळवूनही उत्तर ४.१४ राहतं. साइटवर पहिलं पुस्तक बरंच वर दिसत होतं, पण हिशेबानंतर दुसरं पुढे गेलं. ३.८ हा काही पवित्र आकडा नाही; आपण वाचतो त्या प्रकारच्या पुस्तकांची साधारण सरासरी जी दिसते ती घ्यावी.

सरासरीच्या शेजारी तारानिहाय पट्ट्या असतात, त्या उघडून बघाव्यात. ४.० दोन तऱ्हांनी येऊ शकतं. बहुतेकांनी चार दिले तरी ४.०, आणि शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी पाच व पंचवीस जणांनी एक दिला तरी ४.०. पहिलं पुस्तक नेटकं, कुणालाही देता येईल असं. दुसऱ्या पुस्तकाला स्वतःचा आवाज आहे आणि तो काहींना सोसत नाही. लक्षात राहणारी पुस्तकं मला दुसऱ्या गटातच जास्त सापडतात, पण तिथे नापसंतीची कारणं वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये.

कुठल्या साइटवर काय मिळतं

गुडरीड्स २००७ साली सुरू झाली आणि २०१३ पासून ती अमेझॉनच्या मालकीची आहे. तिच्यावर अर्धा तारा देता येत नाही आणि ताऱ्यांचे अर्थ ठरलेले आहेत: दोन म्हणजे ‘ठीक होतं’, तीन म्हणजे ‘आवडलं’, चार म्हणजे ‘खूप आवडलं’. आपल्याकडचे बरेच वाचक मात्र परीक्षेसारखा विचार करतात, तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे जेमतेम. त्यामुळे भारतीय वाचकाचे तीन तारे आणि परदेशी वाचकाचे तीन तारे एकच गोष्ट सांगत असतील असं नाही. गुडरीड्सचा खरा फायदा म्हणजे परीक्षणं गाळून बघता येतात: फक्त तीन ताऱ्यांची, ठरावीक भाषेतली, अमुक शब्द असलेली. इंग्रजी कादंबरी घेताना परीक्षणांत ‘शेवट’, ‘संथ’, ‘भाषांतर’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द टाकून शोधलं की दोन मिनिटांत बरंच कळतं.

द स्टोरीग्राफवर पाव ताऱ्यापर्यंत बारकाईने मत देता येतं, पण तिचं महत्त्व वेगळ्या गोष्टीत आहे. पुस्तकाचा वेग संथ, मध्यम की वेगवान, ओढ कथानकाची की पात्रांची, वातावरण उदास की हलकंफुलकं, आणि त्रासदायक मजकूर कोणता (हिंसा, आत्महत्या, बालकांवरचे अत्याचार), हे वाचकांकडून विचारून घेतलेलं असतं. किशोरवयीन मुलांसाठी इंग्रजी पुस्तकं निवडणाऱ्या पालकांना हा भाग फार कामाचा आहे. लायब्ररीथिंग २००५ पासूनची, जुन्या वळणाची साइट. तिथे वाचकांनी लावलेली लेबलं बघावीत. ताऱ्यांपेक्षा लेबलांमधून पुस्तकाचा पोत लवकर कळतो. या दोन्ही ठिकाणी मराठी पुस्तकं फारच थोडी आहेत, तेव्हा इंग्रजी आणि अनुवादाच्या मूळ पुस्तकांसाठीच त्यांचा उपयोग धरावा.

अमेझॉनवर सावधगिरी सगळ्यात जास्त लागते. तिथला आकडा साधी सरासरी नसतो. खरेदी खरी आहे का, मत किती ताजं आहे, अशा गोष्टी धरून यंत्रणा तो ठरवते. एक तारा देणाऱ्यांपैकी कित्येकांची तक्रार पुस्तकाबद्दल नसतेच: कोपरे दुमडलेले आले, छपाई फिकट आहे, दोन फर्मे (एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे) उलटसुलट बांधलेत. या तक्रारी निवडीसाठी गाळा, पण प्रत कुठून मागवायची हे ठरवताना मात्र आवर्जून वाचा. दुसरा घोळ आवृत्त्यांचा. एकाच अभिजात पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती आणि कधी कधी भाषांतरंसुद्धा एकाच ढिगात येतात. मराठी अनुवादाखाली मूळ इंग्रजीची स्तुती दिसली, तर ते तारे अनुवादकाचे नाहीत.

मराठीसाठी पहिला थांबा बुकगंगा ही पुस्तकविक्रीची साइट. अभिप्राय थोडे आणि बहुतेक गोड असतात, पण बऱ्याच पुस्तकांची काही पानं तिथे वाचायला ठेवलेली असतात, आणि ही नमुना पानं वीस अभिप्रायांपेक्षा मोलाची आहेत. लांब, कारणांसहित लिहिलेली मतं हवी असतील तर मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही मराठी लेखन-चर्चेची संकेतस्थळं. मायबोली १९९६ पासून चालू असल्यामुळे पुस्तक आलं तेव्हाचं मत आणि पंधरा वर्षांनंतरचं मत अशी दोन्ही तिथे सापडू शकतात. शिवाय खालच्या प्रतिसादांत असहमत वाचक भेटतो, हे मोठं सुख. नियतकालिकांत ‘ललित’, ‘साधना’, ‘लोकसत्ता’ची ‘लोकरंग’ पुरवणी आणि इंग्रजी पुस्तकांसाठी त्याच दैनिकाचं ‘बुकमार्क’ हे पान. छापील परीक्षणात एक अडचण कायम असते: परीक्षक आणि लेखक एकमेकांना ओळखतात. वाईट पुस्तकावर सहसा कुणी लिहीतच नाही, त्यामुळे स्तुतीची पट्टी ओळखून घ्यावी लागते. ‘वाचनीय’ आणि ‘संग्राह्य’ हे शब्द मी वजा करूनच वाचतो.

स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी पुस्तकांवर तिथेही बरीच मतं जमली आहेत. पण ती ऐकण्याच्या अनुभवाबद्दलची आहेत. अभिवाचकाचा आवाज चांगला असेल तर सुमार पुस्तकही वर जातं, आणि अभिवाचक घाईने वाचत असेल तर चांगल्या पुस्तकाचे तारे कापले जातात.

मराठी पुस्तक शोधताना ते सापडत का नाही

बरेच जण गुडरीड्सवर मराठी पुस्तक टाकून बघतात, दोन मतं दिसतात आणि साइट निरुपयोगी ठरवून बाहेर पडतात. खरं तर त्याच पुस्तकाची दुसरी नोंद शेजारी असते, तिच्यावर साठ मतं असतात. एक नोंद देवनागरीत, एक रोमन लिपीत, एखादी चुकीच्या स्पेलिंगची. म्हणून तिन्ही रीतींनी शोधावं. लेखकाच्या नावाचे तर अनेक अवतार असतात. नाशिकच्याच कवीचं बघा: कुणी कुसुमाग्रज लिहितं, कुणी वि. वा. शिरवाडकर, कुणी विष्णू वामन, आणि रोमन लिपीत शिरवाडकर हे एकदा व्हीने तर एकदा डब्ल्यूने. आद्याक्षरांमधल्या टिंबानंतर जागा सोडली की नाही, एवढ्यानेही शोध चुकतो. अशा वेळी फक्त आडनाव टाकावं.

याहून छुपी अडचण टंकलेखनाची. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जातं, एक अखंड अक्षर म्हणून आणि एक ‘अ’वर चंद्र जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. शीर्षकात असं अक्षर असेल तर तो शब्द गाळून उरलेल्या शब्दांनी शोधा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी छापलेल्या पुस्तकांच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार असतात. जुनी पुस्तकं शोधताना तेही टाकून बघावेत.

सगळ्यात भरवशाचा मार्ग आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. २००७ पासून तो तेरा आकडी आहे, आणि भारतीय पुस्तकांवर तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी क्रमांक असेल, त्याहून जुन्यांवर काहीच नसेल. दुकानात पुस्तक हातात असेल तर मलपृष्ठावरचा बारकोड गुडरीड्सच्या ॲपमधून स्कॅन करता येतो. पण लक्षात ठेवा, दुसऱ्या प्रकाशकाची किंवा बांधणीची आवृत्ती आली की हा क्रमांक बदलतो, त्यामुळे क्रमांकाने काही सापडलं नाही तर शीर्षकाकडे वळा.

परीक्षण वाचायची रीत

मी तीन ताऱ्यांपासून सुरुवात करायला सांगेन. तीन देणारा वाचक पुस्तक पूर्ण वाचतो, त्याला काही आवडलेलं असतं, काही खटकलेलं असतं, आणि दोन्ही सांगायची त्याला गरज वाटते. त्यानंतर दोन ताऱ्यांची दोन आणि चार ताऱ्यांची दोन परीक्षणं. पाच आणि एक शेवटी, वेळ उरला तर. सहा-सात परीक्षणं पुरतात. त्यापुढे तेच मुद्दे फिरून येतात.

नापसंतीचं कारण वाचताना एकच प्रश्न विचारा: हे कारण मला लागू आहे का? ‘पहिल्या शंभर पानांत काहीच घडत नाही’ ही एखाद्याची तक्रार असते आणि संथ, वर्णनात रमणाऱ्या कादंबऱ्या आवडणाऱ्याला ती शिफारस वाटते. ‘तळटीपा फार’ ही तक्रार इतिहास वाचणाऱ्याला खुणावते. ‘बोली समजत नाही’ असं पुण्या-मुंबईचा वाचक अहिराणी वळणाच्या संवादांबद्दल लिहितो, पण नाशिक-मालेगावकडच्या वाचकाला तीच भाषा घरची असते. एक ताऱ्याच्या परीक्षणामुळे पुस्तक घेतलं जाणं यात काहीच विचित्र नाही. जिथे तीन वेगवेगळे वाचक, वेगवेगळ्या वर्षी, एकच दोष सांगतात तिथे मात्र थांबावं. ‘उत्तरार्ध गुंडाळला आहे’ असं तिघांनी लिहिलं असेल तर तो गुंडाळलेला असतोच.

चांगल्या परीक्षणाच्या खुणा ओळखता येतात. त्यात पुस्तकातलं एखादं नेमकं प्रकरण, प्रसंग किंवा वाक्य असतं. त्याच विषयावरच्या दुसऱ्या पुस्तकाशी तुलना असते. कुणी वाचू नये हेही सांगितलेलं असतं. पोकळ परीक्षणात मलपृष्ठावरचेच शब्द उलटसुलट करून आलेले असतात. मलपृष्ठाचा मजकूर आधी वाचून ठेवला की हे चटकन दिसतं. मराठी परीक्षणांत आणखी एक खोड आहे, पूर्ण कथासार सांगून टाकण्याची. कादंबरी असेल तर पहिला परिच्छेद वाचा, शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा, मधला भाग पुस्तक संपल्यावर वाचा. साइटवर हल्ली सगळ्या अभिप्रायांचा यंत्राने केलेला चार ओळींचा गोषवारा वर दिसतो. त्यात ‘काहींना भाषा आवडली, काहींना नाही’ असं सपाट वाक्य उरतं आणि नेमकी कारणंच गळून जातात. तो सोडून द्यावा.

मग वाचकाच्या नावावर टिचकी मारून त्याचं पान बघा. गुडरीड्सवर त्याने किती पुस्तकांना तारे दिले आणि त्याची स्वतःची सरासरी किती हे दिसतं. ज्याची सरासरी ४.८ आहे त्याच्या पाच ताऱ्यांत माहिती जवळजवळ नसते. ज्याची ३.१ आहे त्याने चार दिले असतील तर कान टवकारावेत. आणि ज्याच्या यादीत एकाच प्रकाशकाची किंवा एकाच लेखकाची पुस्तकं आहेत, त्याला पुस्तकाच्या बाजूचा माणूस समजावं.

आपल्यासारखे वाचक शोधणं

सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फळ देणारा भाग हा आहे, आणि बहुतेक जण तोच करत नाहीत. तुम्ही वाचलेली दहा पुस्तकं निवडा: पाच अतिशय आवडलेली, तीन नावाजलेली पण न आवडलेली, दोन अर्ध्यावर सोडलेली. यातल्या न आवडलेल्या आणि सोडलेल्या पाच पुस्तकांना जास्त महत्त्व आहे. लोकप्रिय पुस्तक आवडणारे हजारो असतात, पण सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक तुमच्याच कारणाने न आवडलेला माणूस सापडला तर तो खरा सोबती. त्या पाच पुस्तकांची दोन-तीन ताऱ्यांची परीक्षणं वाचा, कारण जुळणारे वाचक टिपून ठेवा, आणि त्यांनी तुमच्या आवडत्या पुस्तकांना काय दिलंय ते तपासा. गुडरीड्सच्या संगणकावरच्या आवृत्तीत दोघांची पुस्तकं शेजारी मांडून तुलना करायची सोय आहे. दहापैकी सहा-सात ठिकाणी मत जुळलं की त्या वाचकाला फॉलो करा. असे चार-पाच लोक पुरतात. पुढे त्यांची नवी परीक्षणं आपोआप समोर येतात आणि सरासरी बघायची गरज फारशी उरत नाही.

मराठीत हे काम मायबोली किंवा ऐसी अक्षरेवर जास्त नीट होतं, कारण तिथे एका सदस्याचं दहा-दहा वर्षांचं लेखन एकत्र सापडतं. तारे नसले तरी चालतं. त्याची रुची लिहिण्यातून कळते.

जमल्यास त्याच दहा पुस्तकांना स्वतः तारे द्या आणि साइटची सरासरी शेजारी लिहा. कुठल्या प्रकारात तुमचं आणि जगाचं जमत नाही ते दिसेल. एखाद्याचं विज्ञानविषयक पुस्तकांबाबत सरासरीशी एकमत असतं आणि आत्मचरित्रांबाबत कायम एक ताऱ्याचा फरक. मग आत्मचरित्र निवडताना सरासरी बघूच नये.

अनुवाद असेल तर

इथे दोन वेगळे निर्णय असतात, मूळ पुस्तक वाचण्याजोगं आहे का आणि हा अनुवाद वाचण्याजोगा आहे का. पहिल्यासाठी परदेशी साइट पुरतात, दुसऱ्यासाठी जवळजवळ कुठेच काही मिळत नाही. सरासरी तर मूळ पुस्तकाचीच असते, कारण गुडरीड्स सगळ्या आवृत्त्यांची मतं एकत्र करते. तेव्हा आधी अनुवादकाचं नाव बघा, मुखपृष्ठावर नसेल तर आतल्या पानावर. त्याच पानावर ‘अनुवाद’, ‘स्वैर अनुवाद’, ‘रूपांतर’ की ‘संक्षिप्त’ हे वाचा. मूळ पुस्तक सहाशे पानांचं आणि मराठी दोनशे ऐंशीचं असेल तर कुठे लिहिलेलं नसलं तरी काटछाट झालेली आहे. मग नमुना पानांतला एखादा संवाद मोठ्याने वाचा. मराठी माणूस असं बोलेल का? संवाद अडखळत असतील तर वर्णनंही अडखळणार. इंग्रजी येत असेल तर मूळ पुस्तकाची तीच पानं ऑनलाइन उघडून दोन परिच्छेद ताडून बघावेत, पाच मिनिटांचं काम आहे. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद बाजारात असतील तर याच दोन परिच्छेदांवर निर्णय करावा.

पडद्यावरून नाशिकच्या कपाटापर्यंत

एवढं करून पाच-सहा पुस्तकांची यादी हातात आली की लगेच मागवू नका. १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, टिळक पथावर आहे. यादी घेऊन देवघेव विभागात जा. कर्मचाऱ्यांना शीर्षकाबरोबर लेखक आणि प्रकाशक सांगा, कारण एकाच शीर्षकाची पुस्तकं दोन-तीन लेखकांची असतात. पुस्तक मिळालं तर पहिली वीस पानं वाचा, आणि मग मधलं एखादं पान, साधारण साठ टक्क्यांवरचं. लेखक सुरुवात घासूनपुसून लिहितात. पुस्तकाचा रोजचा स्वर मधल्या पानावर कळतो. माहितीपर पुस्तक असेल तर शेवटची सूची आणि संदर्भ बघा. तुम्हाला नीट ठाऊक असलेल्या एका विषयाचं पान सूचीतून काढून वाचा. नाशिकवर, कुंभमेळ्यावर किंवा द्राक्षशेतीवर लेखकाने ढोबळ चूक केली असेल, तर बाकीच्या पानांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येतं.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाची ग्रंथपेटी तुमच्या सोसायटीत किंवा गटात येत असेल, तर रीत उलटी करावी. पुस्तकं आधीच समोर आहेत, निवड क्रमाची आहे. पेटीच्या यादीचा फोटो काढा, अनोळखी नावं आधी शोधा. ज्या पुस्तकाबद्दल ऑनलाइन काहीच सापडत नाही त्याला बाद करू नका. प्रत हातात असताना वीस पानांची चाचणी फुकटच आहे, आणि मराठीतली कित्येक उत्तम पुस्तकं इंटरनेटच्या आधीची असल्यामुळे त्यांच्यावर कुणी लिहिलेलंच नाही. अशा जुन्या पुस्तकांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची मोफत पीडीएफ पुस्तकं आणि इंटरनेट आर्काइव्हवरच्या स्कॅन केलेल्या प्रती बघाव्यात.

ग्रंथप्रदर्शनात सवलतीच्या पाटीखाली घाईने निवड होते. तिथे जाण्याआधी यादी तयार ठेवा. यादीत नसलेलं पुस्तक भावलं तर बारकोड स्कॅन करून तीन ताऱ्यांची दोन परीक्षणं तिथेच उभ्या-उभ्या वाचा.

यादी सांभाळणं आणि स्वतः लिहिणं

साइटवरचं ‘वाचायचंय’ हे शेल्फ, म्हणजे पुस्तकांची यादी, सगळ्यांचं फुगतं. पुस्तक टाकताना ते का टाकलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे एका ओळीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती ओळ वाचून उत्सुकता वाटली नाही तर पुस्तक काढून टाका. सोडलेल्या पुस्तकांसाठी वेगळं शेल्फ करा आणि कितव्या पानावर सोडलं ते नोंदवा. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की आपण कुठे दमतो याचा नमुना दिसायला लागतो.

वर्षातून एकदा यादी उतरवून घ्या. गुडरीड्समध्ये हे मोबाइल ॲपमधून होत नाही. संकेतस्थळावर ‘माय बुक्स’मध्ये ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’ निवडलं की सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर फाइल मिळते. ती एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरी शीर्षकांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती मजकूर फाइल म्हणून आत घ्या आणि यूटीएफ-८ (देवनागरी नीट दाखवणारी सांकेतिक पद्धत) निवडा, किंवा सरळ गूगल शीट्समध्ये उघडा. हीच फाइल स्टोरीग्राफमध्येही चढवता येते.

आणि वाचून झाल्यावर लिहा. जिथे एकूण मतंच आठ असतात, तिथे नवव्याच्या चार ओळी पुढच्या वाचकाला खरोखर उपयोगी पडतात. कुठली आवृत्ती, कुठला प्रकाशक, अनुवाद असेल तर कुणाचा; एक गोष्ट जी जमली आहे, पानासकट; एक जी जमली नाही; आणि हे कुणासाठी नाही. मजकूर देवनागरीत लिहा, पण पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव एकदा रोमन लिपीतही टाका, म्हणजे दोन्हीकडून शोधणाऱ्याला तुमचं मत सापडेल. पुस्तकाच्या दोन नोंदी दिसल्या तर जिच्यावर जास्त मतं आहेत तिच्यावर लिहा, आणि गुडरीड्सच्या लायब्रेरियन (पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांच्या) गटात दोन्हींचे दुवे देऊन त्या एकत्र करायची विनंती टाका. स्वतःच्या शेल्फवर पन्नास पुस्तकं झाली की लायब्रेरियन होण्यासाठी अर्ज करता येतो. तो मंजूर झाला तर नोंदी जोडायचं काम तुम्हालाच करता येईल, आणि नाशिकच्या लेखकांपासून सुरुवात केली तरी बरंच काम पडलेलं आहे.